सर्पपालनाची हौस, मांडुळाचा बाजार आणि कायदा

वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत धान हेच शेतकऱ्याचे मुख्य पीक आहे. मृगाच्या सरी पडल्या की पऱ्हे टाकले जातात, पुढे चिखल तुडवीत रोवणी होते आणि दिवाळीच्या सुमारास कापणी होऊन बांधीत पुंजणे उभे राहतात. पुंजण्यात दाणा असतो, दाण्यामागे उंदीर येतो आणि उंदरामागे साप येतो. हा क्रम येथील शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. धामण, नाग, परड म्हणजेच घोणस, मण्यार, दिवड, कवड्या, तस्कर असे अनेक सर्प त्याच्या नित्याच्या पाहण्यातले असतात. काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा पट्टेरी मण्यार पश्चिम महाराष्ट्रातील लोकांना केवळ चित्रातच दिसतो. या दोन जिल्ह्यांत मात्र तो प्रत्यक्ष आढळतो.

या सर्पांपैकी मांडूळ हा सर्वांत निरुपद्रवी. विदर्भात त्याला दुतोंड्या असेही म्हणतात. मातीत डोके खुपसून राहणारा, हळूहळू सरकणारा, चिडवले तरी सहसा न चावणारा असा हा प्राणी एकेकाळी कोणाच्या खिजगणतीतही नव्हता. नांगराच्या फाळाखाली आला तर शेतकरी त्याला काठीने उचलून बांधावर टाकीत असे. आज मात्र त्याच मांडुळासाठी गावात अनोळखी माणसे येतात, वजन विचारतात आणि शेतमजुराने जन्मात न पाहिलेली रक्कम बोलून दाखवितात. सर्प बाळगण्याच्या व विकण्याच्या प्रश्नाची सुरुवात या जिल्ह्यांपुरती तरी येथून करावी लागते. शहरातील हौशी माणसाच्या काचपेटीतील विदेशी अजगर आणि झाडीपट्टीतील पोत्यात कोंबलेले मांडूळ या दोन गोष्टी वरवर पाहता फार दूरच्या वाटतात. परंतु दोहोंच्या मागे जिवंत सर्पाला किंमत लावणारा बाजार एकच आहे.

दंतकथेचे मोल

मांडुळाचे शेपूट आखूड, बोथट व डोक्यासारखेच दिसणारे असते. संकट आले की हा सर्प डोके वेटोळ्यात लपवितो व शेपूट पुढे करतो. शत्रूचा पहिला घाव शेपटीवर बसावा, एवढाच या रचनेचा हेतू. परंतु त्यावरून त्याला दोन तोंडे असतात, सहा महिने एका तोंडाने व सहा महिने दुसऱ्या तोंडाने तो चालतो, अशी समजूत रूढ झाली. पुढे तिला फांद्या फुटल्या. मांडुळाच्या साहाय्याने गुप्तधन सापडते, घरात ठेवल्यास लक्ष्मी स्थिर होते, त्याच्यापासून दुर्धर रोगांवर औषध तयार होते, परदेशात त्याला कोट्यवधी रुपये मिळतात, अशा एकाहून एक अद्‌भुत गोष्टी पसरल्या. यांतील एकीलाही शास्त्रीय आधार नाही. मांडुळाच्या शरीरात कोणतेही विशेष द्रव्य सिद्ध झालेले नाही. ते बिनविषारी असल्याने विषाचाही प्रश्न उद्भवत नाही.

या व्यवहाराची एक विचित्रता अशी की, वस्तूचा खरा ग्राहक कोणी पाहिलेलाच नसतो. मध्यस्थ दुसऱ्या मध्यस्थाला विकतो, दुसरा तिसऱ्याला दाखवितो. प्रत्येकजण पुढच्याकडून मोठी रक्कम येणार या आशेवर आपल्या पदरचे पैसे गुंतवितो. अखेरीस कोणी तरी फसतो किंवा पकडला जातो. आणि ज्याने शेतातून मांडूळ उचलून दिले त्या मजुराच्या हाती बहुधा आगाऊ म्हणून दिलेल्या थोड्या नोटा आणि न्यायालयाच्या तारखा एवढेच राहते.

वजनावर किंमत ठरते असा समज असल्यामुळे या मुक्या प्राण्याचे जे हाल होतात ते सांगणेही जड जाते. त्याला बळेच अन्न भरविले जाते. वजन वाढावे म्हणून त्याच्या पोटात शिशाचे छर्रे किंवा पोलादी गोळ्या घातल्याचे प्रकारही देशात उघडकीस आले आहेत. असे मांडूळ जप्त झाले तरी पुष्कळदा वाचत नाही. मांडुळाची मादी अंडी न घालता थेट पिलांना जन्म देते व एका वेळी होणारी पिले मोजकीच असतात. प्रौढ प्राणीच वेचून नेले, तर त्या शेतशिवारात हा सर्प पुन्हा दिसण्यास फार काळ जावा लागतो. तोवर बिळातील उंदरांना रान मोकळे मिळते. धानाच्या कोठीशेजारी राहणाऱ्या कुटुंबाला याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नसावी.

येथे आणखी एका कायद्याचा उल्लेख आवश्यक आहे. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी अधिनियमानुसार गुप्तधन शोधण्याच्या नावाखाली अघोरी कृत्ये करणे हा गुन्हा आहे. त्याचप्रमाणे सर्पदंश झालेल्या व्यक्तीला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांचे उपचार करणे हाही याच अधिनियमाखाली गुन्हा ठरतो. सापाविषयीच्या अज्ञानावर उपजीविका करणारे दोन्ही प्रकारचे लोक एकाच कायद्याच्या कक्षेत यावेत, हे योग्यच झाले.

१९७२ पासूनची वाटचाल

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली संमत झाला. त्यापूर्वी सर्पाला कायद्याचे असे संरक्षण नव्हतेच. भारतातून सापांची कातडी मोठ्या प्रमाणावर परदेशी जात असे व तिचे पट्टे, बटवे व पादत्राणे बनत. १९७६ साली या निर्यातीवर बंदी आली. तामिळनाडूतील इरुळा समाजाची उपजीविका सापांच्या कातडीवर अवलंबून होती. त्यांच्यासाठी १९७८ साली सहकारी संस्था स्थापन झाली. सर्प पकडणे, तीन-चार आठवडे सांभाळून त्याचे विष काढणे व त्याला पुन्हा जंगलात सोडणे असे या संस्थेचे काम आहे. प्रतिविष तयार करणाऱ्या कारखान्यांना या विषाचा पुरवठा होतो. जीवनरक्षक औषधासाठी परवानगी घेऊन विष काढण्याची तरतूद अधिनियमातच आहे. सापावर पोट भरणाऱ्या माणसाला नुसते ‘थांब’ म्हणून भागत नाही, दुसरी वाट दाखवावी लागते, हा या प्रयोगाचा धडा महाराष्ट्रातील गारुड्यांच्या बाबतीत मात्र पुरेसा गिरविला गेला नाही, असे खेदाने म्हणावे लागते. गारुड्याच्या टोपलीतील नाग दात उपटलेला, कधी तोंड शिवलेला व बहुधा उपाशी असतो. नागपंचमीला तो दूध पितो ते भक्तीने नव्हे. दिवसेंदिवस पाण्यावाचून ठेवल्याने पितो, आणि ते दूध त्याला पचत नाही.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीचा प्रश्न तर न्यायालयापर्यंत गेला. तेथे जिवंत नागांची पूजा व मिरवणूक ही जुनी परंपरा होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या आदेशानंतर नाग पकडण्यास मनाई झाली व प्रतिमेची पूजा सुरू झाली. २०२५ मध्ये केंद्र शासनाने पारंपरिक ज्ञानाचे शिक्षण या हेतूने केवळ २१ नाग पकडण्यास अटींवर परवानगी दिली. मिरवणूक व खेळ यांना मुभा दिली नाही.

अधिनियमात ‘शिकार’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. मारणे एवढाच तिचा अर्थ नसून पकडणे, सापळ्यात अडकविणे व तसा प्रयत्न करणे हेही तीत येते. म्हणून ‘आम्ही मारला नाही, नुसता धरून ठेवला’ हा बचाव टिकत नाही. २०२२ साली या अधिनियमात मोठी सुधारणा झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. अनुसूचींची संख्या घटवून चार करण्यात आली. अजगर पूर्वीपासूनच पहिल्या अनुसूचीत होता. आता नाग, घोणस, धामण, दिवड आणि मांडूळ यांनाही तेथे स्थान मिळाले आहे. मांडूळ यापूर्वी चौथ्या अनुसूचीत, म्हणजे तुलनेने सौम्य शिक्षेच्या वर्गात होते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्यास किमान ३ वर्षे व कमाल ७ वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. अशा प्रकरणी जामीनही सहज मिळत नाही आणि गुन्ह्यासाठी वापरलेले वाहन जप्त होते. दुचाकी कर्जाने घेतलेल्या तरुणाने ही बाब ध्यानी घ्यावी. गावोगाव अद्यापही ‘दुतोंड्याला फार शिक्षा नाही’ असे सांगणारे भेटतात. ते जुन्या अनुसूचीच्या आधारे बोलत असतात.

थोडक्यात, भारतात आढळणारा कोणताही सर्प हौसेसाठी घरी पाळता येत नाही, विकता येत नाही व विकतही घेता येत नाही. विषारी-बिनविषारी असा भेद त्यात नाही.

हेमलकशाचे उदाहरण

भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे यांच्या तेथील प्राणी अनाथालयाची सुरुवात कशी झाली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. माडिया बांधवांनी शिकार केलेल्या वानरीला बिलगलेले पिलू त्यांनी मागून घेतले. पुढे अशी पिले आणून द्यावीत व त्या बदल्यात धान्य न्यावे असा प्रघात पडला. त्यामागे भूक होती. शिकार करणारा हौसेने शिकार करीत नव्हता, म्हणून केवळ उपदेशाने ती थांबण्यासारखी नव्हती.

परंतु हे उदाहरण देऊन ‘मग आम्ही का पाळू नये’ असे विचारणारे विसरतात की, अनाथ झालेल्या वन्य प्राण्याला आसरा देणे आणि रानात सुखाने असलेला प्राणी उचलून आणणे यांत मूलभूत अंतर आहे. शिवाय अशा आसऱ्यालाही कायद्याची चौकट आहे. १९९१ च्या सुधारणेने केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची तरतूद झाली आणि बंदिस्त वन्य प्राण्यांच्या स्थळांना मान्यता व मापदंड लागू झाले. कितीही थोर हेतूने चाललेले काम असले तरी ते या चौकटीतच चालवावे लागते. जखमी सर्पावरील उपचारासाठी आज नागपूर येथे वनविभागाचे उपचार केंद्र व गोरेवाडा येथे बचाव केंद्र आहे. चंद्रपुरातही वन्यजीव उपचाराची सोय झालेली आहे. त्यामुळे ‘जखमी होता म्हणून घरी ठेवला’ या सबबीस आता फारसा अर्थ उरलेला नाही.

सर्पमित्रांविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. घरात शिरलेला साप न मारता पकडून सोडणारे तरुण आज तालुक्याच्या प्रत्येक गावी आहेत व त्यांच्यामुळे असंख्य साप आणि काही माणसेही वाचली आहेत. मात्र पकडलेला साप डब्यात दिवसेंदिवस ठेवणे, शाळेत खेळविणे, गळ्यात घालून छायाचित्रे प्रसृत करणे हे साहाय्य नव्हे. त्यातून पाहणाऱ्या मुलांना साप हे खेळणे वाटू लागते. पकडलेल्या सापाची वनविभागाकडे नोंद व्हावी आणि शक्य तितक्या लवकर, जवळच्याच योग्य अधिवासात त्याची सुटका व्हावी. दूरच्या अभयारण्यात नेऊन सोडणे पुण्याचे वाटते खरे, परंतु अनोळखी जागी नेलेला साप बहुधा जगत नाही.

विदेशी सर्पांची आवड

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत गेल्या काही वर्षांत विदेशी सर्प पाळण्याची आवड वाढली असून मोबाईलच्या पडद्यावरून ती जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचली आहे. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन आणि अमेरिकेतील कॉर्न स्नेक हे यांतील विशेष लोकप्रिय प्रकार. दोन्ही बिनविषारी, आकाराने बेताचे व स्वभावाने शांत. बॉल पायथन घाबरला की अंगाचा चेंडू करतो, त्यावरून त्याला हे नाव पडले. कृत्रिम प्रजननातून त्याचे नाना रंगांचे वाण निर्माण झाले आहेत व दुर्मिळ रंगास अधिक दाम मिळतो.

वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणारा साइटीस हा करार १९७५ साली अंमलात आला व १९७६ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. परंतु सीमेच्या आत आल्यानंतर विदेशी प्राणी कोणाकडे आहे, कोठून आला, हे विचारणारी व्यवस्था देशात दीर्घकाळ नव्हती. अर्थात चोरट्या मार्गाने आलेला प्राणी एकदा दुकानात पोहोचला की तो निर्धास्त होई. जून २०२० मध्ये केंद्र शासनाने अशा प्राण्यांची माहिती स्वेच्छेने जाहीर करण्याची सवलत दिली. सहा महिन्यांत माहिती देणाऱ्याकडे कागदपत्रांची मागणी होणार नव्हती. २०२२ च्या सुधारणेने चौथ्या अनुसूचीत साइटीसच्या परिशिष्टांतील प्राणी आणले आणि ते बाळगणाऱ्यावर नोंदणीचे बंधन घातले. त्यासंबंधीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. ‘परिवेश’ या केंद्रीय संकेतस्थळावर अर्ज करून मुख्य वन्यजीव रक्षकाकडे ही नोंदणी करावयाची असते. प्रारंभी त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. त्यानंतर प्राणी मिळाल्यापासून ३० दिवसांत नोंदणी बंधनकारक आहे. प्राण्याचा जन्म, मृत्यू व हस्तांतर यांचीही माहिती द्यावी लागते.

बॉल पायथन, किंबहुना सर्वच अजगरवर्गीय सर्प साइटीसच्या परिशिष्टांत असल्याने त्यांना ही नोंदणी लागू होते. कॉर्न स्नेक त्या परिशिष्टांत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत आयातीचा परवाना व पशुरोगविषयक तपासणी यांचे कागद हाच वैधतेचा आधार ठरतो. हा भेद पुष्कळ विक्रेत्यांनाही ठाऊक नसतो, किंवा असला तरी ते सांगत नाहीत.

विक्रेत्याचे दायित्व

विदेशी सर्पांची वैध विक्री करणाऱ्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी? पहिली अर्थातच कागदपत्रांची. प्राण्याचा उगम, आयातीचा अथवा प्रजननाचा पुरावा आणि नोंदणीचे हस्तांतर या तीन बाबी ग्राहकाच्या हाती आल्यावाचून व्यवहार पूर्ण झाला असे मानू नये. ‘नोंदणी नंतर करून घ्या’ असे म्हणणारा विक्रेता स्वतःचा धोका ग्राहकाच्या गळ्यात बांधीत असतो.

परंतु कागद नीट असणे म्हणजे सर्व काही नीट असणे नव्हे. बॉल पायथन बंदिवासात २० ते ३० वर्षे जगतो. बारावीतल्या मुलाने हट्टाने घेतलेला साप त्याच्या लग्नानंतरही घरात असणार, हे विकताना सांगितले पाहिजे. त्याला एका बाजूस उबदार व दुसऱ्या बाजूस थंड अशी पेटी, लपण्यास जागा, बेताची आर्द्रता आणि खाद्य म्हणून उंदीर लागतात. कित्येक आठवडे तो काहीच खात नाही आणि पाळणारा हवालदिल होतो. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. भर वैशाखात वीज गेली तर बंद काचपेटीतील प्राण्याचे काय होईल, याचा विचार मुंबईतून विकणारा करीत नाही. सर्पांवर उपचार करू शकणारा पशुवैद्यही प्रत्येक तालुक्याला असतो असे नाही. हे सर्व ऐकून ग्राहक परत गेला, तर विक्रेत्याने एक विक्री गमावली, पण कर्तव्य बजावले.

आणि नको झालेला साप परत घेण्याची तयारी विक्रेत्याने ठेवलीच पाहिजे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचे उदाहरण या संदर्भात जगभर दिले जाते. पाळीव म्हणून आणलेले ब्रह्मी अजगर तेथे मालकांनी सोडून दिल्यामुळे व निसटल्यामुळे एव्हरग्लेड्सच्या दलदलीत शिरले. १९९२ च्या चक्रीवादळात एक प्रजनन केंद्र उद्ध्वस्त होऊन त्यांत भर पडली. २००० सालापर्यंत ते तेथे स्थिरावल्याचे मान्य झाले आणि २०१२ मध्ये त्यांच्या आयातीवर बंदी आली. तोपर्यंत तेथील ससे, रॅकून यांसारखे लहान सस्तन प्राणी अनेक भागांत दिसेनासे झाले होते. वैनगंगा, प्राणहिता व इंद्रावती यांच्या काठची ओलसर उबदार राने पाहता असा प्रसंग येथे अशक्य आहे असे कोणी छातीठोकपणे म्हणू नये. सुधारित अधिनियमात आक्रमक परकीय जातींना आळा घालण्याचा अधिकार केंद्र शासनास देण्यात आला आहे. प्राणी सांभाळणे अशक्य झालेल्या मालकाने त्याला तळ्यात वा जंगलात सोडण्याऐवजी वनविभागाशी संपर्क साधावा.

सर्वांत गंभीर बाब विदेशी विषारी सर्पांची. जून २०२५ च्या प्रारंभी मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ४४ इंडोनेशियन चापडे व ३ कोळीशेपटीचे विषारी सर्प आढळले. असे सर्प येतात याचाच अर्थ त्यांना घेणारे कोणी तरी आहेत. भारतात तयार होणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषांवर बेतलेले आहे. आपल्याच पट्टेरी मण्याराचे विष त्यात नाही, तेथे परदेशी सर्पाची काय कथा! अशा सर्पाच्या दंशावर देशातील मोठ्यांत मोठ्या रुग्णालयातही नेमके औषध मिळणार नाही. त्याची विक्री जबाबदारीने करण्याचा मार्गच अस्तित्वात नाही.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण भागातील, शेतात राबणारी किंवा जमिनीवर झोपणारी माणसे. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. जो साप पुंजण्याजवळ निसर्गतः आलेला असतो त्याच्याशी जपून वागण्याचे शिक्षण देणे हेच मुळात कष्टाचे काम. त्यात पोत्यातून, डब्यातून व पेटीतून माणसानेच आणलेल्या सापांची भर पडू नये.

मांडूळ सापडल्यास

शेतात मांडूळ निघाल्यास त्याला तेथेच राहू द्यावे. काम सुरू असेल तर काठीने अलगद बांधापलीकडे सरकवावे. कोणी आणून दिलेला किंवा अन्य मार्गाने ताब्यात आलेला वन्य प्राणी ही अधिनियमानुसार शासनाची मालमत्ता असून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास अथवा वनाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे. मांडुळाची चौकशी करणारा अपरिचित गावात आल्यास वनरक्षकास, पोलीस पाटलास किंवा संयुक्त वन व्यवस्थापन समितीस लागलीच खबर द्यावी. हे दलाल बहुधा कापणी संपून हाताला काम नसलेल्या दिवसांत, तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होण्याआधी फिरतात. मजुराची निकड त्यांना ठाऊक असते. त्याच दिवसांत रोजगार हमीची कामे गावात सुरू असतील तर त्यांच्या बोलण्याला गिऱ्हाईक कमी मिळते, ही गोष्ट कामांचे नियोजन करणाऱ्या यंत्रणेनेही लक्षात ठेवण्याजोगी आहे.